शीग लावलेली वाटी

फरीदाबाद
१४ सप्टेंबर २०००

अबोली,

सलोनीला फ्रॉक बसला का? अंदाजानं घेतला होता. लांब होत असेल तर खालून दुमड, कापू नकोस.

गणपतीला तू आली नाहीस. मंडळात सगळे तुझी चौकशी करत होते असं लिहिणार होते, पण ते खरं नाही. मी चौकशी केली. प्रसन्नभाऊजी म्हणाले, "दिल्लीतल्या द्वारकेहून यायचं म्हणजे वहिनी, अख्खा दिवस जातो. आणि आज टँकरचा वार. पाणी भरायला कुणीतरी घरी पाहिजे." म्हणून तू पाण्यासाठी थांबलीस आणि ते लेकीला घेऊन आले.

सलोनी माझ्याकडे लगेच आली. केसांना शांपूचा वास होता. मी तिला म्हटलं, "आईनं न्हाऊमाखू घातलं वाटतं आज."

भाऊजी हसले. "आई नाही, बाबा. आंघोळीचं डिपार्टमेंट आपलं. सहाला उठा, पाणी तापवा, हिला न्हाऊ घाला, मग गुडगावची बस पकडा. अबोली टॉवेल घेऊन दाराबाहेर उभी."

सगळे हसले, मीही हसले. नंतर प्रसादाच्या रांगेत ते हळू आवाजात म्हणाले, "जुलैत हिला ताप होता. एकशेतीन. औषध घरात, डॉक्टरनं लिहून दिलेलं. मी येईपर्यंत साडेचार तास अबोलीनं दिलं नाही. झाकणात ओतायची, परत बाटलीत घालायची. शेजारणीला बोलवायला गेली तर तीही घरी नाही. मला म्हणाली, माझ्या मापावर माझा भरवसा नाही. वहिनी, तुमचं ती ऐकते. तुम्ही सांगून पाहा."

म्हणून हे पत्र. फोनवर तू "कुकर लावलाय" म्हणून ठेवतेस.

अबोली, असं करू नये. त्या गोष्टीला पाच वर्षं होतील आता दिवाळीला. मूल बरं झालं. चूक कुणाच्याही हातून होते. तू शिकलेली मुलगी आहेस.

दिवाळीला इकडेच या चार दिवस. ह्यांनीही सांगितलंय.

सुनंदा


फरीदाबाद
२५ सप्टेंबर २०००

अबोली,

तुझं अंतर्देशीय मिळालं. पाच ओळी. त्यातली चौथी ओळ मी अनेकदा वाचली. 'वहिनी, त्या वेळी सगळे बोलले, एक तुम्ही शब्दानं दुखावलं नाहीत. मंडळात मी माफी मागितली तेव्हा तुमचा हात माझ्या पाठीवर होता. ते मी विसरणार नाही.'

असं लिहू नकोस.

आज पितृपक्षातलं सामान आवरताना वरच्या फळीवरून तुझा तराजू निघाला. पितळेची पारडी हिरवी पडली आहेत. चिंच लावून घासली. वजनांच्या डबीत पाच ग्रॅमचं वजन नाही, बाकी सगळी आहेत.

तुला आठवतं का, तू लग्न होऊन आलीस तेव्हा पहिल्याच आंघोळीला बाथरूममधून ओरडलीस, "वहिनी, साबणाला फेसच येत नाही!" इथल्या खाऱ्या पाण्यात कुणाच्याच साबणाला येत नाही. आम्ही तेरा वर्षं तसेच आंघोळी करत होतो. तू मात्र म्हणालीस, खोबरेल जास्त असलेल्या साबणाला खाऱ्या पाण्यातही फेस येतो, आपण घरी करू. हे म्हणाले, "घ्या! लोक बाहेरच्या कंपन्यांचे साबण घ्यायला लागले आणि आमच्या घरात आता कारखाना." पण फेस आला. त्यांनी गपचूप दोन वड्या ऑफिसच्या बॅगेत टाकल्या.

तू खोबरेल आणि तिळाचं तेल वेगवेगळं तोलायचीस. कॉस्टिक सोडा तोलताना कुणाला बोलू द्यायची नाहीस. सोडा पाण्यात, पाणी सोड्यात कधीच नाही. जुन्या दिल्लीतल्या दरीब्यातून आणलेलं वाळ्याचं अत्तर अगदी शेवटी. मग सहा आठवडे वड्या फळीवर, वर्तमानपत्रावर, रोज कूस बदलून. आणि शेवटी एक वडी जिभेला लावायचीस. झोंबली तर साबण कच्चा. हे म्हणायचे, "भूक लागली असेल तर पोळी घे गं, साबण कशाला खातेस."

त्या वर्षी मंडळातल्या चोवीस घरांना नरकचतुर्दशीच्या पहिल्या आंघोळीसाठी आपल्या घरचा साबण द्यायचा, हे तुझं होतं. यादीत वाढवलेली सहा नावं माझी. ह्यांच्या कंपनीत नुकतीच परदेशी भागीदारी झाली होती, पुण्या-मुंबईहून नवे साहेब आले होते, त्यांच्या बायकांची ती नावं. मी परस्पर सांगून बसले होते. हे मी कुणापाशी बोलले नाही. त्या सहा वड्यांसाठी मीच तुझ्या मागे लागले असेन, आणि तू अंगात ताप असताना तो दुसरा घाणा घातलास. म्हणजे दोष असला तर थोडा माझाही आहे. एवढं तुला सांगायचं होतं.

सलोनीला आता तूच न्हाऊ घालत जा.

सुनंदा


फरीदाबाद
३ ऑक्टोबर २०००

अबोली,

तुझं उत्तर आलं. 'तुम्ही मागे लागलात तरी हात माझा होता. सहा नावं वाढली म्हणून सोड्याचं वजन वाढत नाही. तापात मी काय तोललं ते मला आजही आठवत नाही, आणि ज्या माणसाला आपण काय केलं ते आठवत नाही त्यानं लहान मुलाच्या अंगाला हात लावू नये.'

मागच्या पत्रात मी तुला लहान चूक दिली, मोठी ठेवून घेतली. तीसुद्धा खोट्यावर उभी करून.

तुला आठवत नाही, कारण आठवण्यासारखं काही नव्हतं. तू दुसरा घाणा घातलाच नाहीस.

आता क्रमानं लिहिते. तोंडानं मला हे जमणार नाही.

पितृपक्षात तुला ताप आला. सहा दिवस तू अंथरुणावर होतीस. उठलीस ती फक्त पाणी प्यायला. ताप उतरल्यावर भाऊजींनी तुला सांगलीला पोहोचवलं, आठ दिवसांसाठी. तुझ्या चोवीस वड्या तेव्हा फळीवर होत्या, सुकत आलेल्या. जाण्याआधी तू त्यातली एक जिभेला लावून म्हणालीस, "वहिनी, झाल्या. आता फक्त कागद गुंडाळायचा."

तू गेलीस त्याच्या दुसऱ्या दिवशी दुपारी मी सहा वड्यांचा घाणा घातला. दिवाळीला अठरा दिवस होते.

सहा घरं वाढली होती हे कारण खरं आहे, पण पुरं नाही. मंडळात सगळ्या जणी तुझ्या साबणाचं कौतुक करायच्या. अलकनंदाताई सगळ्यांदेखत म्हणाल्या होत्या, "सुनंदाबाई, तुमच्या धाकट्या जावेच्या हातात विद्या आहे हो." माझ्या हातच्या पुरणपोळ्या त्यांनी तेरा वर्षं खाल्ल्या होत्या. मी घरी येऊन ह्यांना म्हटलं, "पुरणाला कुठं ग्रॅम लागतात?" हे पेपर वाचत होते. "लागत नाहीत," म्हणाले.

तराजू मी काढला नाही. फळीवर हाताशी होता, तरी काढला नाही. तेल पळीनं घेतलं. सोडा आमटीच्या वाटीनं. तू सोडा पाण्यात घालतेस हे मी पाहिलं होतं, तेवढं बरोबर केलं. वाटी भरली. सपाट भरली होती. मग मी वर शीग लावली.

ह्याचं कारण मी पाच वर्षं शोधते आहे. सोडा कमी पडू नये असा विचार मनात आला नव्हता. विचार काहीच नव्हता. माझ्या आईनं शिकवलं होतं, घरात वापरायचं ते सपाट मापानं, दुसऱ्याला द्यायचं ते शीग लावून. शेजारणीला पीठ परत करताना, भिक्षेला तांदूळ घालताना, ओटी भरताना. द्यायचं आहे म्हटल्यावर माझा हात आपोआप ढीग करतो. ह्या वड्या द्यायच्या होत्या.

साबण तुझ्यापेक्षा लवकर घट्ट झाला. मला वाटलं, छान जमला. वड्याही तुझ्यापेक्षा जरा मोठ्या कापल्या. चार दिवसांनी वर पिठासारखी पांढरी भुकटी आली, ती ओल्या फडक्यानं पुसली. जिभेला लावली नाही. साबण काय जिभेला लावायचा, असं मी स्वतःशी मोठ्यानं म्हटल्याचं आठवतं. घरात कुणी नव्हतं.

तू सांगलीहून आलीस तेव्हा तीसच्या तीस वड्या बांधून तयार होत्या. तपकिरी कागद, वर वाळ्याची काडी, तू बांधायचीस तशी. तू म्हणालीस, "अय्या वहिनी, सगळं तुम्हीच केलंत?" मी म्हटलं, "तू आजारातून उठलीस, म्हटलं काम हलकं करावं." तू मला मिठी मारलीस. तेव्हा तू मोजल्या नाहीस.

घरोघरी मीच दिल्या. अलकनंदाताईंच्या घरी नातवाची पहिली दिवाळी. मान म्हणून मी परडीतली मोठी वडी निवडून दिली.

पुढचं तुला माहीत आहे. पण तुला जे माहीत आहे त्यात मी नाही, म्हणून तेही लिहिते. चतुर्दशीला सकाळी सातच्या सुमाराला फोन आला. आठ महिन्यांचा अंशुमन, मान आणि पाठ सोललेली, दवाखान्यात. तू लगेच म्हणालीस, "बाकीच्यांना आधी थांबवायला हवं." मी नंबर फिरवत होते, तू बोलत होतीस. एकोणतीस घरं. प्रत्येक घरी तू म्हणालीस, "मी अबोली बोलतेय, माझ्या हातून चूक झाली आहे, तो साबण वापरू नका." अजून काहीच कळलं नव्हतं, आणि तू एकोणतीस वेळा 'माझ्या हातून' म्हणालीस. मी पुढचा नंबर फिरवला.

दुपारी वड्या परत यायला लागल्या. तेव्हा तू मोजल्यास. मग स्वयंपाकघरात माझ्यासमोर येऊन उभी राहिलीस. "वहिनी, मी चोवीस केल्या होत्या."

मी कणीक मळत होते. म्हटलं, "अगं, तीस."

"चोवीस. एकच घाणा."

"दोन केलेस. तापात उठलीस, मी नको नको म्हणत होते. सहांचा लहान घाणा घातलास. आठवत नाही तुला?"

तू माझ्याकडे पाहिलंस. मला वाटलं तू म्हणशील, खोटं बोलताय. तसं म्हणाली असतीस तर मी तिथंच कबूल केलं असतं, असं मी स्वतःला सांगत आले. खरं काय ते मला माहीत नाही. तू म्हणालीस, "माझी वही कुठंय? वहीत असेल."

वही सापडली नाही. फळीवर नाही, कपाटात नाही. मी म्हटलं, रद्दीत गेली असेल. तू रद्दीवाल्याकडे जाऊन आलीस, त्याच्याशी हिंदीत भांडलीस, हात काळे करून परत आलीस. त्या वेळी वही माझ्या ट्रंकेत होती, शालूच्या घडीत. सकाळचे सगळे फोन संपल्यावर मी पहिलं काम ते केलं होतं.

नंतरचे पंधरा दिवस तू कागदावर उलटं गणित मांडत होतीस. सहा वड्यांना तेल किती, सोडा किती, तापात डोळ्यांना आकडा कसा दिसला असेल. भाऊजी कागद फाडायचे, तू नवीन घ्यायचीस. तुला शाळेतून मुलाखतीला बोलावणं होतं, रसायन शिकवण्यासाठी. तू गेली नाहीस. "मुलांच्या हातात मी ॲसिड कुठल्या तोंडानं देऊ?" म्हणालीस. मी चहा करून आणला.

आणि मंडळाच्या बैठकीत तू सगळ्यांसमोर हात जोडलेस, तेव्हा माझा हात तुझ्या पाठीवर होता हे खरं आहे. तू माझं नाव घेशील का, ह्याच भीतीनं मी इतकी जवळ उभी होते.

हे सगळं काल ह्यांना सांगितलं. पहिल्यांदाच. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "मुलगा ठीक आहे ना? मग आता कशाला, यार. पाच वर्षं झाली. मंडळात काय तोंड दाखवणार? माझं ऑफिस आहे, प्रसन्न आहे."

मी म्हटलं, "सलोनीला तापात औषध मिळालं नाही."

ते उठून गच्चीवर गेले. परत आले तेव्हा म्हणाले, "आमटीची कुठली वाटी?"

मी दाखवली. आम्ही ती रोज वापरतो. आज जेवायला ती त्यांनी घेतली नाही.

सुनंदा


फरीदाबाद
९ ऑक्टोबर २०००

अबोली,

माझ्या पत्राला उत्तर आलं नाही. यावं अशी अपेक्षा नाही. पत्र पोहोचलं एवढं भाऊजींच्या फोनवरून कळलं. भाऊजी ह्यांच्याशीच बोलले. माझ्याशी बोलायचं नाही म्हणाले.

दसऱ्याला मी एकटी अलकनंदाताईंकडे गेले. कस्तुरबा गांधी मार्गाच्या मागच्या त्याच क्वार्टरमध्ये आहेत, आता मुलाच्या नावावर. त्यांना वाटलं सोनं द्यायला आले. आपट्याची पानं हातात होतीच. म्हणाल्या, "या, या सुनंदाबाई, बसा. श्रीखंड खाल्ल्याशिवाय सोडणार नाही."

मी उभ्याउभ्याच सांगितलं. तुला लिहिलं त्याच्या निम्म्याहून कमी शब्दांत. मी केल्या, मी दिली, मी खोटं बोलले.

त्यांनी वाटी खाली ठेवली. मला वाटलं ओरडतील. त्यांनी मला बसूही दिलं नाही आणि जाही म्हटलं नाही. म्हणाल्या, "पाच वर्षं तुम्ही माझ्या घरी हळदीकुंकवाला येता."

मी "हो" म्हटलं.

"दर वर्षी मी तुमची ओटी भरली. त्या पोरीला बोलावलं नाही. एकदा बाजारात समोर आली तर मी तोंड फिरवलं. तिनं तिथं, भर रस्त्यात, मला नमस्कार केला होता."

"हो."

"हो काय हो? माझ्या हातून हे पाप करवलंत तुम्ही. पोराचं भाजलेलं भरून आलं. हे कुठं भरून येतं?"

अंशुमन आतून आला, दसऱ्याचा नवा शर्ट दाखवायला. कॉलरच्या वर, कानामागे, रुपयाएवढा फिकट डाग आहे. तू कधी पाहिला नसशील, पाहू दिला नाही तुला. त्याला खाज येत नाही, दुखत नाही. आजीला विचारत होता, "दादी, ये आँटी रो क्यूँ रही हैं?"

अलकनंदाताईंनी तुझा पत्ता मागून घेतला. त्या येतील किंवा लिहितील. मी बरोबर येऊ का विचारलं. "तुम्ही नको," म्हणाल्या. कोजागरीला मंडळ जमतं, तिथं मी सगळ्यांसमोर सांगणार आहे. हे म्हणाले येत नाही. मग आज सकाळी म्हणाले, येतो, पण मागे बसेन.

ह्या पत्रासोबत पार्सल आहे. तुझा तराजू, कमी पडलेलं वजन नवं घालून. आणि वही.

तिसरी वस्तू मी पाठवत नाही, पण ती आहे हे तुला माहीत असायला हवं. परत आलेल्या वड्या तू खड्ड्यात पुरल्यास तेव्हा एक मी मागे ठेवली होती, माझ्या सहांतली. का ठेवली सांगता येत नाही. वहीबरोबर तीही ट्रंकेत होती. काल काढली. तपकिरी झाली आहे, आकसली आहे. वाळ्याचा वास मात्र अजून आहे, शालूलाही लागला आहे.

पाच वर्षांपूर्वी जे करायचं होतं ते काल केलं. जिभेला लावली. मी तयारीनं उभी होते, तोंड धुवायला पाणी घेऊन. झोंबली नाही, अबोली. नुसती साबणाची चव. पुन्हा लावली. काही नाही. तूच सांगायचीस, कच्चा साबणही बरीच वर्षं हवेत राहिला की मवाळ होतो. आज ही वडी कुणी तपासली तर म्हणेल, ह्यात दोष नाही, सुनंदाबाई उगाच स्वतःवर घेताहेत. दोष निघून गेला, माझी काही मेहनत न होता. तो तुझ्याकडे मात्र तसाच राहिला.

म्हणून वही. आता तेवढाच पुरावा उरला आहे. तू पान उघडशील तेव्हा तुझंच अक्षर दिसेल: भाद्रपद शुद्ध, तेलं, सोडा, पाणी, एकेक ग्रॅमनिशी. शेवटी 'वड्या २४. जिभेला लावून पाहिली. ठीक.' तिथून पुढे वही कोरी आहे. तुझं माप बरोबर होतं. त्याआधीचंही, त्यानंतरचंही. सलोनीचं औषध झाकणातल्या रेघेपर्यंत ओतलंस तेव्हा तेही बरोबरच होतं, साडेचार तास, प्रत्येक वेळी.

तू ये, माफ कर, असं काही लिहीत नाही. तसं लिहिलं तर वहिनीचा मान मी स्वतःच स्वतःला परत दिल्यासारखं होईल.

तुझ्या वहीत न विचारता एक गोष्ट केली आहे. तुझ्या ओळीखाली जागा सोडून शाईनं लिहिलं आहे, म्हणजे पुसता येणार नाही:

'आणखी वड्या ६. सुनंदाच्या. सोडा आमटीच्या वाटीनं, शीग लावून. जिभेला लावून पाहिली नाही.'

सुनंदा